भिंतीवरचा ठोका

डोंगराच्या पायथ्याला एक लहानसे गाव होते आणि त्या गावात एक गुरव राहत असे. देवळासमोर उंच दगडी दीपमाळ होती. तिच्या अंगातून दगडाचे हात बाहेर आलेले होते. त्रिपुरी पौर्णिमेला त्या हातांवर पाय देत गुरवाने वर चढायचे, एकेक पणती लावत जायचे आणि शेवटी टोकावरचा मोठा दिवा लावायचा, अशी गावाची रीत होती. टोकाचा दिवा लागला की मगच घरोघरी दिवे लागत.

एका वर्षी तेलाचा बुधला उतरवताना गुरव माळ्याच्या शिडीवरून पडला. पाय मोडला. हाडवैद्याने कामट्या बांधल्या. पोळ्याच्या सुमाराला त्या सोडल्या आणि पाय चाचपून म्हणाला, "हाड जुळलंय. पण पायाची काडी झालीये. रोज सकाळी घरातला खांब धरायचा, बसायचं, उठायचं. दम लागेपर्यंत. मग त्रिपुरीला चढशील."

"आणि नाही केलं तर?"

"तर खालून दिवे बघशील. मी काही रोज बघायला येणार नाही, बाबा. मला गावभरची हाडं आहेत."

सुरुवातीला गुरवाने नेमाने केले. शेजारीपाजारी बघायला यायचे, "वा, वा!" म्हणायचे. मग शेतात निंदणी सुरू झाली आणि लोक येईनासे झाले. बघणारे गेले, तसा गुरवाचा नेमही गेला.

त्याच्या घराला लागून एका म्हाताऱ्या कासारणीचे घर होते. मध्ये एकच मातीची भिंत. गावोगाव बांगड्या भरत फिरलेली ती बाई, पण आता तिचे गुडघे धरले होते, काठीशिवाय पाऊल पडत नव्हते. तिलाही हाडवैद्याने तेच सांगितले होते.

एकदा गुरवाने भिंतीतून विचारले, "मावशी, आज केलंस का?"

"नाही रे. तू?"

"मीही नाही."

दोघे हसले. हसून झाल्यावर म्हातारी हळूच म्हणाली, "मला एकदा दीपमाळेखाली उभं राहायचंय रे. ओट्यावरून नुसता उजेड दिसतो. दिवा दिसत नाही."

गुरवाचा हात आपल्या पायावर गेला.

"असं करू," म्हातारी म्हणाली. "माझं मन माझं ऐकत नाही, तुझं तुझं ऐकत नाही. आपण भिंतीचं ऐकू या. तुझं झालं की तू ठोक. मग मी उठेन. माझं झालं की मी ठोकेन."

दुसऱ्या दिवसापासून तसे सुरू झाले. गुरव खांब धरून उठे, बसे आणि मग भिंतीवर ठोका देई. थोड्या वेळाने पलीकडून मुसळाचा ठोका येई. तो ऐकला की गुरवाला बरे वाटे.

मग भादव्यातली एक गारठ्याची सकाळ आली. पाऊस लागून राहिला होता. घोंगडीतून पाय बाहेर काढवेना. गुरवाची काठी खाटेशीच होती. त्याने पडल्या पडल्या हात लांब केला आणि काठीने भिंतीवर ठोका दिला.

थोड्या वेळाने पलीकडून ठोका आला.

'म्हातारीही अंथरुणातूनच ठोकत असेल,' गुरव मनात म्हणाला आणि कुशीवर वळला.

मग रोजच तसे होऊ लागले.

दसऱ्याचा दिवस आला. संध्याकाळी गुरव खाटेवर पडला होता. दारात कोणाची तरी सावली पडली. बघतो तर कासारीण! हातात आपट्याची पाने, आणि काठी नाही.

"दरवर्षी तू माझ्या दारी सोनं द्यायला येतोस," ती म्हणाली. "म्हटलं, यंदा आपण जाऊ."

"मावशी! तू चालत आलीस?"

"मग काय उडत? ऊठ की, बघू तुझा पाय."

गुरव उठला. पाय लटपटला आणि तो पुन्हा खाटेवर बसला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिले. मग खाटेशी ठेवलेल्या काठीकडे पाहिले. मग भिंतीकडे. भिंतीचा गिलावा उडाला होता, पण तो खाटेच्या उंचीवर.

"इतक्या खालून ठोकायचास होय रे?"

गुरवाने मान खाली घातली. "मला वाटलं, तूही तसंच करत असशील."

"मला वाटायचं, शेजारी मोडका पाय घेऊन उठतोय, मग मी कशी निजू? तुझ्या ठोक्यावर माझे गुडघे सुटले, लेका. तुझा पाय मात्र तिथंच राहिला." तिने सोने त्याच्या हातावर ठेवले. "रडू नकोस. खाट त्या समोरच्या भिंतीला ने. काठी मी घेऊन जाते. उद्यापासून ठोका खांबापासून यायला हवा, हाताचा."

गुरवाने खाट हलवली. रोज सकाळी तो खांबाला धरून घामाघूम होई आणि मग उभ्यानेच भिंतीवर मूठ मारी. पलीकडून मुसळ उत्तर देई.

त्रिपुरी जवळ आली. पाटलांनी सगळ्यांसमोर विचारले, "काय गुरव, चढणार ना टोकापर्यंत?"

हो म्हणणे सोपे होते. पण गुरव म्हणाला, "नाही, पाटील. पाय अर्ध्यापर्यंतच नेईल. टोकापर्यंतही नेलं असतं, पण मी झोपून राहिलो. तिथून वर देवळाला फुलं देणारा आपला माळी चढू दे. टोकाचा दिवा मी अर्ध्यावरून त्याच्या हातात देईन."

"म्हणजे रीत मोडायची!" एकजण कुरकुरला.

"मोडायची कशाला?" कासारीण म्हणाली. "एकाला जड झाली तर दोघांनी उचलायची."

पाटील हसले आणि ते ठरले.

पौर्णिमेला गुरव चढला. पणत्या लावत हळूहळू अर्ध्यापर्यंत गेला. वरचे हात बघून त्याला वाईट वाटले. आळसाच्या सगळ्या सकाळी जणू तिथे वर बसल्या होत्या. त्याने दिवा माळ्याच्या हातात दिला. टोक उजळले. खाली बघितले तर दीपमाळेच्या अगदी पायाशी कासारीण उभी होती. मान मागे टाकून, दोन्ही हात जोडून, कशाचाही आधार न घेता.

दुसऱ्या दिवशी सण सरला होता. आता वर्षभर कुठे चढायचे नव्हते. कोणी बघायला येणार नव्हते, कोणी विचारणार नव्हते. बाहेर चांगली थंडी होती. गुरव उठला, खांब धरला, दम लागेपर्यंत उठला-बसला आणि भिंतीवर ठोका दिला.

पलीकडून आवाज आला, "अरे, आज तरी निजू द्यायचंस!"

आणि थोड्या वेळाने मुसळाचा ठोका आला.

पुढच्या वर्षी टोकाचा दिवा गुरवाने स्वतः लावला. दिवाळीच्या आधी भिंत सारवताना त्याने खालचा खड्डा बुजवला होता. उभ्या माणसाच्या उंचीवर गिलावा उडाला होता, तो मात्र त्याने तसाच ठेवला.

तात्पर्य एवढेच: जोडीदार आपल्याला जागे करू शकतो, पण उठावे आपले आपणच लागते. खोट्या ठोक्याने शेजारी फसेल, आपला पाय फसत नाही. आणि काही सकाळी वाया गेल्या, तरी उद्याची सकाळ अजून आपलीच असते.