वैशाखातला पूर

राजा भानुरावांना नदीकाठी बांध हवा होता, आणि तो याच पावसाळ्याआधी हवा होता. गेल्या श्रावणात सोनधारा त्यांच्या डाळिंबाच्या बागेत शिरली, झाडं आडवी करून गेली आणि जाताना महाराजांचा लाडका झोपाळाही घेऊन गेली. झोपाळा गेल्यापासून महाराजांच्या डोक्यात बांधाशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं.

बांधामुळे कुणाचं नुकसान होईल का, हे पाहायला त्र्यंबकशास्त्रींची नेमणूक झाली. शास्त्रीबुवांनी पाहणी मोठ्या कसोशीने केली. वैशाखातल्या टळटळीत दुपारी त्यांनी कोरड्या पात्रात मधोमध दवंडी पिटवली, “बांधाला कुणाची हरकत आहे काय हो?” ऐकायला एक रेडा तेवढा होता, आणि तो काही बोलला नाही. शास्त्रीबुवांनी कुणाचीही हरकत नसल्याचं जाहीर केलं आणि मंजुरीच्या आनंदात दुसऱ्याच दिवशी पंगत ठरली.

पलीकडच्या काठावर पत्रावळीवाल्यांची आळी होती. तिथली हौसा पंगतीच्या पत्रावळी घेऊन वाड्यावर आली, तेव्हा तिला बांधाचं कळलं. या काठाला बांध घातला की अडलेलं पाणी जाणार कुठे? त्यांच्याच आळीत! गेल्या साली उंबऱ्याला शिवून परतलेलं पाणी यंदा आढ्याला लागलं असतं. पत्रावळींचा भारा तिथेच टाकून ती तडक महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

“म्हाराज, तुमचा बांध झाला तर आमची आळी बुडती.”

“शास्त्रीबुवा तर म्हणतात, कुणीही बुडत नाही.”

“त्यांनी नदी कोरडी असताना बघितली. कोरड्या नदीत कोन बुडणार?”

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांना ते लागलं, आणि ते हट्टाला पेटले.

“मग तू भरलेली दाखव! उद्याच्या पंगतीत, आम्ही पानावरून उठायच्या आत पूर दाखवलास तर बांध रद्द. नाहीतर त्या बांधाची मातीची पहिली पाटी तुझ्याच डोक्यावर!”

हौसाने क्षणभर टाकलेल्या भाऱ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. “दाखवते. पर तुमी आन् शास्त्रीबुवांनी मी लावल्याल्या पानावर जेवायचं. आन् मी ‘बास’ म्हणस्तवर वाढप्यानं आमटी वाढायची.”

“आमटीला आम्ही कधी नाही म्हटलंय?” महाराज म्हणाले. “कबूल!”

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. महाराज आणि शास्त्रीबुवा समोरासमोर पाटावर, आणि दोघांच्या मध्ये दाराच्या फळीएवढी लांबलचक एकच पत्रावळ. महाराजांच्या बाजूला भाताचा ढीग, शास्त्रीबुवांच्या बाजूला जिलब्यांचा. शास्त्रीबुवा जिलबीप्रेमी, त्यामुळे भात कुठे गेला हे त्यांनी विचारलंच नाही.

“द्रोण कुठे आहेत?” महाराजांनी मात्र विचारलं.

“न्हाईत. सोनधारेला कुठं द्रोण असतोय?” हौसा म्हणाली आणि वाढप्याला तिने मान हलवून खूण केली.

पत्रावळीच्या मधोमध आमटीची धार लागली. आमटी मोठ्या पंगतीची, म्हणजे डाळीपेक्षा पाणीच जास्त. ती महाराजांकडे वळताच महाराजांनी अस्सल जेवणाऱ्यासारखा भात ओढून लांबच्या लांब बांध घातला. आमटी त्याला थडकली, थबकली आणि मागे फिरली. पहिल्या दोन जिलब्या गेल्या.

“बास, बास!” शास्त्रीबुवा ओरडले.

वाढप्याने हौसाकडे पाहिलं. हौसा आढ्याकडे बघत होती. धार चालूच राहिली.

जिलब्यांचा अख्खा ढीग आमटीत गेला, आमटी काठावरून शास्त्रीबुवांच्या रेशमी सोवळ्यात उतरली, आणि तशी चांगली कढत होती. शास्त्रीबुवा पाटावर उभे राहून नाचू लागले. “महाराज, तो भात आधी काढा! तुमच्या भातापायी मी बुडालो!”

महाराजांचा घास हातातच राहिला. त्यांनी आपल्या कोरड्या बाजूकडे पाहिलं, मग पलीकडे पाहिलं.

“शास्त्रीबुवा,” ते सावकाश म्हणाले, “तुमची हरकत आहे काय हो?”

“आहे! शंभरदा आहे!”

महाराजांना असं हसू फुटलं की घासातला भात पंगतभर उडाला. डोळे पुसत ते म्हणाले, “हौसा, पूर पाहिला. बांध रद्द. पण मग आमची बाग बुडू द्यायची का गं?”

“कशापायी? तुमच्या बाजूच्या त्या वरच्या कोपऱ्यात मीठसुदिक वाढलं न्हाई बघा, मोकळा ठेवलाय. तिकडं भाताला वाट करा.”

महाराजांनी बोटाने वाट केली. आमटी वळली, मोकळ्या कोपऱ्यात पसरली आणि शांत झाली. ना बागेला धक्का, ना पलीकडच्या काठाला.

“पण नदीकाठी हा कोपरा म्हणजे आमचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान!”

“तितं आधी ओढाच हुता, म्हाराज. तुमी बुजवला. आता आठ म्हैने तुमचं घोडं पळवा, चार म्हैने पाणी पळंल.”

महाराज पुन्हा हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाच्या ओटीत टाकलं, ओढा उद्याच मोकळा करायचा हुकूम दिला, आणि यापुढे नदीवरच्या कुठल्याही कामाची मंजुरी शास्त्रीबुवांनी भर श्रावणात हौसाच्या ओसरीवर बसूनच द्यावी, असंही फर्मावलं.

“बाई,” बिचारा वाढपी कळवळून म्हणाला. त्याचं पातेलं अजून तिरपंच होतं.

“आता बास,” हौसा म्हणाली. “आन् शास्त्रीबुवांना जिलब्या वाढा. त्यांचं लई नुकसान झालंय.”