अर्धा श्वास उशिरा

"काहून थांबली?" भिवराआईंनी विचारलं.

मागच्या बायकांनी ओळ उशिरा उचलली होती, म्हणून. फार नाही, अर्ध्या श्वासाएवढा उशीर. पण माझ्या अंगावर काटा आला आणि खंजिरीवरचा हात तिथंच राहिला.

"मागच्या चुकल्या, आई."

त्यांनी एक बोट दुमडलं.

आठ वर्षं मी त्यांच्याकडे खंजिरीवरची भजनं शिकत होते. आता त्यांचा आवाज बसला होता आणि पुढं बसून गाण्याची जागा कुणाला तरी द्यायची होती. मला ती हवी होती. त्यासाठीच त्यांनी मला नदीपलीकडच्या या गावात आणलं होतं.

आईंच्या भजनी मठाची रीतच तशी. नव्या गाणारणीनं परक्या गावात बसायचं आणि तीनदा ओळ टाकायची. मागच्यांनी एकदा जरी ती झेलली आणि भजन पुढं गेलं, तर जागा तिची. नाहीतर खंजिरी खाली ठेवायची. कायमची.

एक खेप वाया गेली होती.

मग मी शहाणपणा केला. वळून बसले आणि त्या वीसेक बायकांना ठेका समजावून दिला. बी.ए.ला माझं संगीत होतं. मात्रा बोटांवर मोजून दाखवल्या. एक जण म्हणाली, पोरगी शिकलेली दिसते. दुसरी म्हणाली, हो, गणित. सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्यांदा ओळ टाकली. मागून काहीच येईना. घाबरून मी पुढची ओळ सुरू केली, आणि नेमकी तेव्हाच त्यांनी तोंडं उघडली. माझा आवाज त्यांच्या तोंडावर आपटला. त्या गप्प झाल्या.

"अजून एक," भिवराआई म्हणाल्या. खंजिरीचं कातडं ढिलं पडलं होतं. त्यांनी ती माझ्या हातून घेतली आणि तापायला उन्हात ठेवली.

मी त्यांच्याजवळ सरकले. म्हटलं, असला दोष मी आयुष्यात एकीतच पाहिलाय…

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

प्रणाली आणि मी अकरावीत असताना एकाच दिवशी आईंकडे आलो. मी पुढं गायची, ती मागून ओळ उचलायची. नेहमी उशिरा. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला, तेव्हा मी सगळ्यांदेखत तिला सांगितलं की हे तुझ्यामुळं झालं, उद्यापासून माझ्यामागं बसू नकोस. ती बरं म्हणाली. पुन्हा आली नाही.

मागच्या वर्षी ती काविळीनं गेली. मला व्हॉट्सॲपवर कळलं.

"आई, या बायकांना कुणी शिकवलं?"

"त्याईलेच इचार."

मी विचारलं. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या, प्रणालीताईनं. दर गुरुवारी नावेतून यायची, दोन वर्षं. पुराच्या दिवसांत लांबच्या पुलावरून चालत यायची.

मी एवढी दचकले की शेजारचा तांब्या लवंडला. पाणी सतरंजीवर पसरलं.

"पण ती तर… उशिरा उचलायची."

"उशिरा?" द्वारकाबाईंना नवल वाटलं. "नाई वं माय. ते म्हणे, समोरचीले श्वास भरू द्या, मंगच तोंड उघडा. तिची एक मैतरीण होती म्हणे. लय गोड गाये. पण भित्री. ओळ सरली का तिले धाप लागे, अन् ते लपवे. म्हणून प्रणालीताई थांबे."

मी मान वर केली नाही.

धाप लागते मला. पहिल्यापासून. ते कुणाच्याच लक्षात आलेलं नाही, असं मी धरून चालले होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी भिवराआईंना विचारलं.

त्यांनी उन्हातली खंजिरी आणली, कातड्यावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, माझ्यानं होणार नाही. ही जागा मी मागायलाच नको होती. त्या जाऊन सतरंजीच्या कोरड्या कोपऱ्यात बसल्या. जणू मी काही बोललेच नव्हते.

तिसरी खेप.

मी ओळ टाकली. ओळ संपली.

या वेळी श्वास लपवला नाही. तोंड उघडून, घरघर आवाज करत, सगळ्यांदेखत घेतला. छाती भरेपर्यंत. पुढच्या ओळीकडं धावले नाही.

मागं सगळं शांत…

ही खेपही गेली, असं वाटलं.

आणि वीस गळे एकदम उठले. वरचे पत्रे घुमले. एवढा मोठा आवाज माझ्यामागून कधी आला नव्हता. रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू. मी खंजिरी डोक्याच्या वर उचलली आणि अशी वाजवली, अशी वाजवली की तळहात लाल झाला.

कोपऱ्यातून भिवराआईंचा बसका आवाज आला.

"झालं. जागा तुझीच. अन् आता तुले थांबता येते, तू मागंबी बसू शकते."