बिनघराचा गवंडी

कासारवेढ्याच्या इनामदारांना नवी हवेली बांधायची होती, पण त्यांची एक अट होती. ज्याला स्वतःचं घर नाही, त्याला काम नाही. सुभाना गवंडी चार महिने बेकार होता आणि बायकोसह धर्मशाळेच्या ओसरीवर राहत होता. तरी तो सदरेवर गेला.

"स्वतःला छप्पर नाही, अन् माझी हवेली बांधणार होय रे?" इनामदार हसले.

सुभाना म्हणाला, "सरकार, आम्ही गवंडी ज्याचं घर बांधतो त्याच्याच आवारात खोपट घालून राहतो. घर पुरं झालं की मालक खोपट मोडायला लावतो. म्हणजे ज्या गवंड्याच्या डोक्यावर छप्पर आहे, त्यानं कुणाचं तरी काम अर्धवट ठेवलंय. मी सगळ्यांची पुरी करून दिलीत."

सदरेवर खसखस पिकली. इनामदार मात्र चपापले.

"मग माझी हवेली पुरी झाली की तू पुन्हा उघड्यावर! असं असेल तर तू ती पुरी करशील कशाला?"

"तोच घोर मलाही लागलाय, सरकार," सुभाना हात जोडून म्हणाला. "खोपटापुरती जागा कायमची माझ्या नावे करा, म्हणजे दोघांचाही घोर मिटेल."

पुढच्या दिवाळीला हवेली पुरी झाली. खोपट कुणी मोडलं नाही.