आठवी जागा

रानातल्या माद्या वेलीच्या कड्यात चेंडू टाकायचा खेळ खेळत, त्या काळची ही गोष्ट. मोठ्या स्पर्धेसाठी आठ संघ निवडायचे होते. सात ठरले. आठव्या जागेसाठी माळावरच्या शेळ्या आणि तळ्याकाठच्या हरिणी उरल्या.

शेळ्यांची कर्णधार बांडी निश्चिंत होती. त्या हंगामात तिच्या संघाने हरिणींना दोनदा हरवलं होतं. पण निवड करणाऱ्या सांबरीणबाईंनी नाव पुकारलं ते हरिणींचं.

बांडी धावत पुढे गेली. “बाई, आम्ही जास्त सामने जिंकलो!”

“अगं, दुबळ्यांविरुद्ध जिंकलात.”

“त्यांत हरिणीही होत्या. दोनदा!”

“दोन्ही वेळा बिचाऱ्या दमलेल्या होत्या,” म्हणत बाईंनी पाठ फिरवली.

माळावर तिच्या सख्या सरावाला उभ्या होत्या. बांडीने जाऊन त्यांना निकाल सांगितला.

स्पर्धेत हरिणी पहिल्याच सामन्यात सपाटून हरल्या. सामना बघायला आलेल्या बांडीला वाटलं, आता तरी बाईंना कळेल.

सांबरीणबाई तिच्याकडे वळून हळहळल्या, “पाहिलंस ना? हरिणींची ही गत, मग तुमचं काय झालं असतं! तुमची अब्रू मीच वाचवली.”

भोवती जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांत बांडीच्या संघातल्या दोघीही होत्या.