म्होरक्याचं हसू

फार पूर्वी एका सरळसोट कड्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. कड्याच्या मध्यावर आग्या माश्यांची पोळी लटकत. एकाने दोराला बांधून घेऊन खाली उतरायचं, धूर करून माश्या हटवायच्या आणि पोळं कापायचं, असं ते जिवावरचं काम. वर दोर धरताना पुढची जागा नेहमी उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावाची असे. आपल्या बहिणीचं कुंकू पुसलं जावं असं कोणत्या भावाला वाटेल?

गावाचा म्हातारा म्होरक्या तीस वर्षं हे काम चालवत होता. एवढ्या वर्षांत एकही माणूस पडला नव्हता. गुडघे थकले तेव्हा त्याने एका तरुण गड्याला आपल्या जागी नेमलं.

गडी हुशार होता. कड्यावर त्याने सात वर्षं म्हाताऱ्याला डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. म्हातारा कमरेवर हात ठेवून कसा उभा राहतो, एका शब्दात हुकूम कसा सोडतो, माणूस खाली सोडण्याआधी टोकावर जाऊन कसा मोठ्याने हसतो, सगळं त्याने उचललं. हसणं तर त्याने गोठ्यात म्हशीसमोर घोटलं. म्हशीने तक्रार केली नाही, तेव्हा ते जमलं असं त्याने धरलं.

पहिल्याच उतरणीला दोराला त्याचा दाजी बांधला गेला, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा; म्हणून दोराची पुढची जागाही नव्या म्होरक्याचीच होती. बहीण तान्हं पोर कडेवर घेऊन खाली पायथ्याशी उभी होती.

दोराची वेटोळी सोडताना नव्या म्होरक्याच्या बोटांना एका जागी पीळ सैल लागला. उंदराने कुरतडला होता. थांबावं का? पण मागे अकरा माणसं बघत होती. पहिल्याच दिवशी म्होरक्या घाबरला असं गाव म्हणेल, आणि म्हातारा तर कधी घाबरलेला दिसला नव्हता. म्हणून तो टोकावर गेला आणि मोठ्याने हसला. तो हसला म्हणून बाकीचेही हसले, आणि दाजी खाली उतरला.

निम्म्यावर दोराचा एक पदर तुटला. दाजी गरकन फिरला, हातातला पेटता पलिता निसटला आणि माश्यांचा लोट त्याच्यावर उठला. खालून बहिणीची किंकाळी ऐकू आली. वर ओढावं तर उरलेला पीळ खडकाच्या धारेवर कापला जाणार, आणि नुसतं धरून ठेवावं तर माश्या माणूस जिवंत ठेवणार नाहीत.

"मला भीती वाटतेय," नवा म्होरक्या म्हणाला. "मला काही सुचत नाही. कुणाला सुचत असेल तर बोला."

तेव्हा लोक बोलायला लागले. एक म्हणाला, डाव्या अंगाला खडकात कोनाडा आहे, दाजीने झोका घेतला तर पाय टेकतील. दुसरा नवा दोर आणायला पळाला. तिसऱ्याला तर रडूच फुटलं.

"कुरतडलेलं मी सकाळीच बघितलं होतं," तो तिसरा म्हणाला. "पण तुम्ही हसलात, मग मी गप्प बसलो."

दाजी कोनाड्यात पोचला. नव्या दोराने त्याला वर घेतलं. जीव वाचला, पण एक डोळा कायमचा गेला.

संध्याकाळी नव्या म्होरक्याने म्हाताऱ्याचे पाय धरले आणि विचारलं, तुम्हाला कधी भीती कशी वाटली नाही?

"दर वेळी वाटायची," म्हातारा म्हणाला. "म्हणून आदल्या दिवशी अंगणात बसून मी सगळा दोर चाचपायचो, एकेकाला बोलावून त्याची शंका विचारायचो. सगळं मनासारखं झालं तरच दुसऱ्या दिवशी हसायचो. तू कड्यावरचं तेवढं शिकलास."

तिथून तो बहिणीकडे गेला. ती नवऱ्याच्या सुजलेल्या चेहऱ्याला हळद लावत होती.

"दादा, दोर खराब आहे हे तुला कधी कळलं?" तिने मान वर न करता विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. तो म्हणाला, "दाजी उतरायच्या आधी."

तिचा हात थांबला. मग ती पुन्हा हळद लावू लागली. त्या वर्षी तिने त्याला राखी बांधली नाही.

तात्पर्य एवढंच: थोरांकडून शिकायचं तर ते लोकांसमोर कसे उभे राहतात ते नंतर पाहावं, तिथे येण्याआधी भीतीपोटी ते काय काय करून ठेवतात, ते आधी विचारावं.