गादीसमोरची खुर्ची

मे महिन्याचं ऊन डोक्यावर घेत आमचं भजनी मंडळ शिरंब्याचा राजवाडा बघायला गेलं. दरबारात पोचेपर्यंत पायातलं बळच गेलं, म्हणून आम्ही बायकांनी गार फरशीवर सरळ फतकल मारली.

पंख्याखाली खुर्ची टाकून बसलेले व्यवस्थापक दळवी गरजले, "उठा! महाराजांच्या गादीसमोर कोणी बसायचं नाही!"

"अहो, पण गादी रिकामी आहे," मी म्हटलं.

"तुमच्यासाठी असेल. आम्ही महाराज हजर आहेत असंच मानतो. तीच इथली रीत!"

आम्ही मुकाट्याने उठलो. मंडळात टाळ धरणाऱ्या सोनाक्का मात्र पदर सावरून गादीपुढे गेल्या, वाकून मुजरा केला नि म्हणाल्या, "महाराज, लई उन्हातनं आलोय. घटकाभर बसू का?"

क्षणभर कान देऊन त्या दळवींकडे वळल्या.

"महाराज म्हणाले, खुशाल बसा. पण विचारत होते, आमच्यासमोर खुर्ची टाकून बसलाय तो कोण?"

दळवी ताडकन उठले. रिकाम्या खुर्चीत सोनाक्का ऐसपैस टेकल्या.

"आता पंखा जरा वाढवा," त्या म्हणाल्या, "महाराजांना उकडतंय."