वयाआधी वाढलेला गोऱ्हा

फार जुनी गोष्ट आहे. एका राज्यात दरवर्षी सुगी संपली की उत्सव होत असे. नव्या धान्याने भरलेला गाडा एकट्या बैलाने डोंगरावरच्या देवळापर्यंत ओढून न्यायचा, अशी तिथली रीत होती. ज्याचा बैल गाडा वर नेई, त्याची गुरे वर्षभर राजाच्या कुरणात चरत आणि गावाच्या बैठकीत त्याला पुढे बसायला मिळे.

त्या राज्यात मालोबा आणि राही हे नवरा-बायको राहत होते. त्यांच्या गोठ्यात एक तांबडी गाय होती आणि तिचा सहा महिन्यांचा गोऱ्हा. शेपटी वर करून तो अंगणभर धावे. दमला की आईच्या पोटाशी येऊन दूध पिई.

मालोबा वाईट माणूस नव्हता. पण आयुष्यभर तो बैठकीत सगळ्यांच्या मागे बसला होता, आणि ते त्याला सलत होते. गोऱ्हा गाडा ओढण्याजोगा व्हायला अजून चार वर्षे लागणार होती.

एके दिवशी एक परका माणूस गावात औषधे विकायला आला. गोऱ्ह्याकडे बघून तो म्हणाला, "रोज चिमूटभर चूर्ण गुळातून दे. उत्सवापर्यंत याच्या अंगावर चार वर्षांचं मांस चढेल."

राहीने विचारले, "मांस चढेल, पण हाडांचं काय? त्याच्या काळजाचं काय?"

"मी मांसाचं औषध विकतो, बाई," तो म्हणाला, आणि पुडी मालोबाच्या हातात देऊन पुढच्या गावाला निघून गेला.

चूर्णाचा गुण लवकरच दिसला. महिन्याभरात गोऱ्ह्याची मान जाड झाली. खांदे फुगले, मांड्या दगडासारख्या टणक झाल्या. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. मालोबा त्याच्या पाठीवर थाप मारून सर्वांना दाखवी.

पण गोऱ्हा आता धावत नव्हता. चार पावले चालला की धापा टाकी. खाली बसायचे तर पुढचे पाय थरथरत, आणि बसला की त्याला उठवत नसे.

एका सकाळी तो आईजवळ दूध प्यायला गेला. त्याने ढुशी दिली, तशी गाय भिंतीवर आदळली. तिने त्याला हुंगले. त्याच्या घामाला त्या चूर्णाचा उग्र वास येत होता.

"तू कोण आहेस?" गाय म्हणाली.

"आई, मीच आहे."

"माझं लेकरू एवढं मोठं नाही," ती म्हणाली आणि घाबरून कोपऱ्यात सरकली.

गोऱ्हा तिथेच उभा राहिला. आपण काय केले, ते त्याला कळेना.

राहीने हे पाहिले. ती मालोबाला म्हणाली, "अहो, त्याला आईसुद्धा ओळखत नाही. बंद करा ते औषध."

"थोडेच दिवस राहिलेत," मालोबा म्हणाला. त्या दिवसापासून त्याने दोन चिमटी द्यायला सुरुवात केली.

उत्सवाचा दिवस आला. एवढा दणकट बैल कोणाकडेच नव्हता. राजाने गाडा ओढण्याचा मान मालोबाच्या जनावराला दिला. गाडा जोडला गेला. गोऱ्ह्याने मान खाली घातली आणि जोर लावला. चाके फिरली. लोकांनी फुले उधळली. मालोबा पुढे चालत होता, आणि इतकी माणसे आपल्याकडे बघत आहेत हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

चढ लागला. दहा-बारा पावलांवर लाकूड मोडावे तसा आवाज झाला. लोकांना वाटले गाड्याचा आस मोडला. मोडला होता तो गोऱ्ह्याचा पुढचा पाय. मांसाच्या जोराने गाडा ओढला गेला, पण हाडाला तो जोर सोसला नाही.

राजाकडचा गुरांचा म्हातारा वैद्य पुढे आला. त्याने गोऱ्ह्याचे तोंड उघडून पाहिले.

मग म्हणाला, "महाराज, याचे दुधाचे दातही पडलेले नाहीत. हे वासरू आहे."

राजाने मालोबाकडे पाहिले. "मी बैल मागितला होता," एवढेच तो म्हणाला आणि स्वतः वाकून त्याने गोऱ्ह्याच्या मानेवरचे जू काढले.

गोऱ्ह्याच्या काळजालाही तो भार पेलला नव्हता; त्याचा श्वास तुटत होता. मालोबाने त्याचे डोके मांडीवर घेतले. त्याला वाटले, हा आता रागाने बघेल. पण गोऱ्हा त्याचा तळहात चाटू लागला, गूळ शोधावा तसा. चाटता चाटता तो थांबला.

मालोबा घरी परतला. गाय पुढे बरेच दिवस दाराकडे तोंड करून हंबरत असे. आपला लहानगा गोऱ्हा कुठेतरी हरवला आहे, असेच तिला वाटत होते.

पुढे मालोबा गावोगाव फिरला. ज्यांच्या घरी ते चूर्ण होते, त्यांच्या गोठ्यासमोर उभा राहून त्याने झालेली हकिकत सांगितली. काहींनी पुड्या नदीत टाकल्या. काहींनी म्हटले, आमचं जनावर धडधाकट आहे. त्यांच्या दारातून तो मान खाली घालून निघे.

बोध: अंगावर मांस लवकर चढवता येते, पण वय लवकर आणता येत नाही; आणि आपल्या घाईची किंमत मुक्या जिवाला मोजावी लागते.